हिरव्या शाईची वही

बळवंत दिघावकर दर रविवारी सकाळी दहाला बाल्कनीजवळच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडत. पांढरी मोहरी स्वतःकडे, काळी समोरच्या खुर्चीकडे. अडीच वर्षं ती खुर्ची रिकामी होती. मी दिल्लीच्या द्वारकेत त्यांच्याच सोसायटीत राहतो आणि रविवारी हमखास त्यांच्याकडे असतो, पण त्या खुर्चीत कधी बसलो नाही. माझी खुर्ची बाजूची, दोघांच्या मधली. मला मोहरी कशी चालतात एवढंच कळतं.

ती समोरची खुर्ची तात्याराव शेणोलीकरांची. बळवंतराव, तात्याराव आणि मी, तिघंही केंद्र सरकारच्या एकाच मंत्रालयात नोकरीला होतो. तात्याराव कराडचे, सगळ्यांत जुने. बळवंतराव बार्शीहून परीक्षा देऊन सहायक म्हणून आले ते त्यांच्याच हाताखाली. टिपणी कशी लिहायची, फाइलला झेंडी कुठे लावायची, कोणत्या साहेबासमोर किती बोलायचं, हे सगळं तात्यारावांनी शिकवलं. मी साताऱ्याचा बी.कॉम. झालेला, लेखा शाखेत आलो सगळ्यांत शेवटी, आणि अजून तिथेच आहे. तात्याराव मला आजही नावाने हाक मारत नाहीत, ‘बीकॉम’ म्हणतात.

बळवंतराव खेळाडू म्हणून साधे नव्हेत. विद्यापीठाचे विजेते होते, दिल्लीत आंतरमंत्रालयीन स्पर्धा चार वेळा जिंकले. तात्याराव त्यांच्यापेक्षा थोडे कच्चे, पण हरायला कंटाळायचे नाहीत. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचे रविवार सुरू झाले आणि द्वारकेत आल्यावरही चालू राहिले. डाव दोन तासांचा असे आणि त्यानंतरचं पोस्टमॉर्टेम तीन तासांचं. ही चाल का केलीस, ती का नाही केलीस, इथे उंट घेतला असता तर काय झालं असतं. मला खरा आनंद त्या तीन तासांचा वाटे. डाव चालू असताना दोघं गप्प असत. डाव संपला की दोघांची तोंडं सुटत.

जेवणाची वेळ झाली आणि डाव अर्धवट राहिला, तर जुन्या स्पर्धांतला नियम ते घरी पाळत. ज्याची पाळी असेल त्याने आपली पुढची चाल कागदावर लिहायची, पाकिटात घालायची, पाकीट चिकटवायचं. वर दोघांची नावं, पटावरची स्थिती, आणि ‘पुढे चालू’ असं लिहून त्यापुढे दिवस. ते पाकीट पंचाकडे राहणार. पंच मी. आठवडाभर ते माझ्या ऑफिसच्या खणात असे, आणि पुढच्या रविवारी दोघं पटासमोर बसले की मी ते फोडत असे. दोघं समोर नसतील तर पाकीट फोडायचं नाही, हा त्यांचा नियम. पाकिटं तात्याराव स्वतः करत. ऑफिसातली वापरलेली खाकी पाकिटं उलगडून, उलटी करून, पुन्हा चिकटवायची. आमच्या पिढीचा कारकून नवं पाकीट वाया घालवत नाही.

त्यांच्या एका डावात एक स्थिती आली होती. दोघांनाही ती सोडवेना. पांढऱ्याचा हल्ला ऐन रंगात आलेला, पण पुढे नेमकं काय करायचं ते ठरेना. त्या एका स्थितीसाठी त्यांनी काळ्या पुठ्ठ्याची मोठी वही घातली. अक्षर तात्यारावांचं, कारण ते मोत्यासारखं. पंचवीस वर्षांत त्या वहीची एकशे चौऱ्याऐंशी पानं भरली. सगळी निळ्या शाईत.

वहीत एक भांडण कायम होतं. तात्यारावांचं म्हणणं, एवढा हल्ला चालू असताना पांढऱ्याने आधी आपला राजा एक घर सरकवून कोपऱ्यात न्यावा. बळवंतराव हसत. म्हणत, घराला आग लागली असताना तुम्ही चपला सरळ लावताय. तात्यारावांना कारण देता येत नसे. “मला तिथे राजा बरा वाटत नाही,” एवढंच ते म्हणत. ‘बरा वाटत नाही’ हे टिपणीत चालत नाही, असं बळवंतराव म्हणत, आणि ते त्यांनी तात्यारावांकडूनच शिकलेलं होतं. ती चाल वहीत पान एकशे बारावर होती. समोर प्रश्नचिन्ह.

पुढे खात्यांतर्गत परीक्षा देऊन बळवंतराव वर गेले, अवर सचिव झाले. तात्याराव विभाग अधिकारीच राहिले. म्हणजे त्यांच्या टिपण्या बळवंतरावांच्या टेबलावर जाऊ लागल्या. आमच्याकडे वरच्या साहेबाला एखादी टिपणी पटली नाही, की तो कडेला ‘प्लीज स्पीक’ असं लिहून फाइल खाली पाठवतो. मग खालच्या माणसाने उठून साहेबाच्या खोलीत जायचं. बळवंतरावांनी तात्यारावांच्या फाइलवर हे दोन शब्द कधी लिहिले नाहीत. शंका असेल तर स्वतः उठून, जिना उतरून, त्यांच्या टेबलाशी जात आणि उभ्याने बोलत. सगळ्या मंत्रालयाला हे माहीत होतं.

आधी तात्याराव निवृत्त झाले, मग नऊ वर्षांनी बळवंतराव. बळवंतरावांच्या निवृत्तीला त्यांच्या मुलीने, क्षिप्राने, बंगळुरूहून लॅपटॉप पाठवला आणि त्यात बुद्धिबळाचा प्रोग्रॅम घालून दिला. पहिल्या दिवशी तो प्रोग्रॅम बळवंतरावांना सात वेळा हरवून गेला. मला वाटलं, आता हे लॅपटॉप कपाटात ठेवतील. उलट त्यांचा चेहरा उजळला होता. ज्या प्रश्नांवर आयुष्य काढलं त्यांची उत्तरं याच्याकडे आहेत, असं ते म्हणाले. आणि तात्यारावांकडे पंधरा दिवसांसाठी वही मागितली. “तपासून देतो,” म्हणाले.

त्यांनी वही पहिल्या पानापासून तपासली. प्रत्येक स्थिती लॅपटॉपवर मांडायची, मशीनचं मत घ्यायचं, आणि जिथे वही चुकली असेल तिथे कडेला लिहायचं. एकूण एकेचाळीस ठिकाणं निघाली. काही ठिकाणी दोघांची वीस-वीस पानांची मेहनत एका ओळीत वाया गेली होती. ते सगळं त्यांनी हिरव्या शाईत लिहिलं.

हिरव्या शाईचं सांगायला हवं. सरकारी फाइलवर आम्ही सगळे निळ्या किंवा काळ्या शाईत लिहितो. हिरवी आणि लाल शाई फक्त जॉइंट सेक्रेटरी आणि त्यांच्या वरच्यांनी वापरायची, तीही क्वचित. फाइलमध्ये हिरवी शाई दिसली की माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो. बळवंतरावांच्या डोक्यात हिशेब सरळ होता. मशीन सगळ्यांत मोठा साहेब, म्हणून त्याचं मत हिरव्यात. चाळीस वर्षांची सवय. त्यांनी वहीला फाइलचं कव्हर घातलं, एकेचाळीस झेंड्या लावल्या, आणि वर चिठ्ठी टाचली: ‘एकूण शेरे ४१. कृपया पाहावे.’

दिवाळीच्या फराळाला तात्याराव आले तेव्हा ती वही त्यांच्या हातात दिली. मी तिथेच होतो. तात्यारावांनी चष्मा बदलला आणि एकेक पान उलटायला सुरुवात केली. बळवंतराव उत्साहात होते. आपण ही चूक पंचवीस वर्षं केली हो, असं हसत हसत दाखवत होते. मग पान एकशे बारा आलं. तिथे राजाच्या चालीपुढच्या प्रश्नचिन्हावर काट मारून हिरव्या शाईत एकच शब्द लिहिला होता: ‘बरोबर.’

तात्यारावांनी विचारलं, “का?”

“का ते मशीन सांगत नाही,” बळवंतराव म्हणाले. “ते आकडा देतं. चाल बरोबर आहे म्हणजे आहे.”

तात्यारावांनी वही मिटली. चकली हातात होती ती संपवली, चहा संपवला, आणि म्हणाले, “रिटायर झाल्यावर जॉइंट सेक्रेटरी झालास वाटतं. अभिनंदन.” बळवंतरावांच्या बायकोला, वीणावहिनींना, फराळ उत्तम झाल्याचं सांगून ते निघाले. वही टेबलावरच राहिली.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. महिन्याभरात ते फरीदाबादला मुलीकडे, अश्लेषाकडे राहायला गेले. ते आधीपासून ठरलेलंच होतं, पण जाताना फक्त मला फोन केला.

बळवंतरावांना आठ दिवस कळेचना की बिघडलं काय. शाईचं मी सांगितलं. मग वही उघडून त्यांनी पानं पुन्हा पाहिली, जणू ती दुसऱ्या कोणी लिहिली होती. “अहो, ते मशीनचं मत होतं,” म्हणाले. “माझं कुठे होतं?” मी म्हटलं, अक्षर तुमचं होतं. नोकरीत असताना जे कधी केलं नाही ते निवृत्तीनंतर, फराळाच्या ताटावर, एकेचाळीस वेळा केलं होतं.

त्यांनी फोन केला. तात्यारावांनी घेतला, तब्येत विचारली, वहिनींची चौकशी केली. पण बोलले ते ‘तुम्ही’ म्हणून. आयुष्यभर ‘तू’ म्हणणारा माणूस. फोन ठेवल्यावर बळवंतराव मला म्हणाले, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या जानेवारीत मी एक खटपट केली. दरवर्षी संक्रांतीच्या दिवशी दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या स्मारकावर जाते. मी दोघांचीही नावं घातली. बळवंतरावांनी शेजारची जागा रुमाल टाकून धरली होती. तात्याराव बसमध्ये चढले, रुमाल पाहिला, आणि पुढे ड्रायव्हरमागे जाऊन बसले. स्मारकापाशी मंडळाचे लोक नेहमीप्रमाणे वाद घालत होते. कोणी थांबायला हवं होतं, कोणी निघायला हवं होतं, रसद कुठून यायला हवी होती. तात्याराव माझ्याशेजारी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “अडीचशेहून जास्त वर्षं झाली, आपल्या लोकांचं पोस्टमॉर्टेम संपत नाही. बरं आहे, याचं उत्तर कुठल्या मशीनमध्ये नाहीये.” बळवंतराव दहा पावलांवर होते. त्यांना ऐकू गेलं असावं. येताना रुमाल त्यांच्या खिशात होता.

मग बळवंतरावांनी सगळं लक्ष मशीनवर घातलं. त्यांना वाटलं, निदान खेळ तरी सुधारेल. मशीनच्या चाली त्यांनी पाठ केल्या, अक्षरशः पाढ्यांसारख्या. सप्टेंबरमध्ये दिल्लीतल्या एका खुल्या स्पर्धेत नाव घातलं. तिसऱ्या फेरीत त्यांच्यासमोर इशिता नावाची गुडगावची इंजिनिअर मुलगी होती. पहिल्या सतरा चाली बळवंतरावांनी पाठ केलेल्या, घड्याळाकडे न बघता केल्या. अठरावी चाल तिने वेगळीच केली, आणि ती चाल चांगलीही नव्हती. पण बळवंतरावांना पुढे काय करायचं तेच कळेना. आधीच्या सतरा चाली कशासाठी केल्या होत्या हेच त्यांना माहीत नव्हतं. ते हरले.

हरण्याचं त्यांना तितकं लागलं नाही. निकालाच्या कागदावर सही झाल्यावर त्यांनी तिला विचारलं, बसायचं का जरा, डाव बघू. मुलगी सभ्य होती. म्हणाली, “सर, थैंक यू, मैं घर जाकर चेस इंजन पे देख लूँगी। आप भी देख लेना, सब बता देता है।” आणि बॅग उचलून गेली. बळवंतराव मोहरी पुन्हा मांडून थोडा वेळ बसून राहिले. त्या हॉलमध्ये साठ पट होते. एकाही पटावर दोन माणसं बोलत नव्हती. हे मला त्यांनी मेट्रोत सांगितलं.

घरी आल्यावर त्यांनी पाठांतर बंद केलं. वही काढली, पान एकशे बारा उघडलं. राजाची चाल बरोबर आहे हे मशीनने सांगितलं होतं. का, हे तात्यारावांनी विचारलं होतं, आणि त्याला उत्तर नव्हतं. बळवंतरावांनी ठरवलं की ते ‘का’ शोधायचं.

पद्धत त्यांची स्वतःची. ती स्थिती मांडायची, राजा कोपऱ्यात न्यायचा, आणि तिथून मशीनशी डाव खेळायचा. पण प्रत्येक चालीआधी वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहायचं: मी ही चाल अमुक कारणासाठी करतोय. मग मशीन काय करतं ते बघायचं. हरलं की कागद काढून कुठलं कारण खोटं ठरलं ते शोधायचं. मला ते म्हणाले, मशीन म्हणजे टिपणी न वाचता सही करणारा साहेब आहे. सही खरी असते, पण त्यावरून खालच्याला काम शिकता येत नाही. टिपणी आपणच लिहायची आणि सहीशी जुळते का ते बघायचं. या वयात, एवढं खेळून झाल्यावर, आपण अजून शिकू शकतो हे त्यांना नवीन होतं. पहिल्या पंधरा-वीस डावांत एकही कारण टिकलं नाही. पुढे पुढे टिकू लागली. त्यांचा खेळही बदलला असावा. मला ते कळत नाही, पण वीणावहिनी म्हणाल्या की हल्ली हे हरले तरी जेवतात.

वर्षाहून जास्त काळ हे चाललं. एका फेब्रुवारीच्या सकाळी त्यांनी मला खाली पार्कमध्ये गाठलं. “सापडलं,” म्हणाले. त्र्याहत्तराव्या डावात. कारण अठरा चाली पुढचं होतं, एवढंच सांगितलं. मी विचारलं, काय आहे ते. त्यांनी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“आधी त्यांना सांगायचंय,” म्हणाले.

मी म्हटलं, फोन करा. ते मान हलवत राहिले. “फोनवर सांगितलं तर ते ‘बरं’ म्हणतील. ‘बरं’ घेऊन मी काय करू?”

“मग जा फरीदाबादला.”

“बोलावल्याशिवाय कसा जाऊ? आणि गेलो आणि त्यांनी दारातच ‘या, बसा, तुम्ही कसे आहात’ म्हटलं तर?”

वीणावहिनी भाजीची पिशवी घेऊन मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “लग्नाआधी मला पत्र लिहायला इतका विचार केला नव्हता यांनी.”

पुढच्या रविवारी माझ्या हातात एक खाकी पाकीट आलं. उलटं करून चिकटवलेलं, तात्यारावांच्या पद्धतीने, पण एक कोपरा तिरका. वर दोघांची नावं, पटाची स्थिती रेखाटलेली. खाली लिहिलं होतं: ‘वही, पान ११२. राजाची चाल. कारण आत.’ मग ‘पुढे चालू’, आणि त्यापुढे जागा कोरी. सगळं निळ्या शाईत. तुम्ही पंच आहात, तुम्हीच न्या, असं ते मला म्हणाले. वहीही बरोबर दिली. त्यातल्या एकेचाळीस झेंड्या त्यांनी काढून टाकल्या होत्या. शाई मात्र पुसता येत नव्हती.

मी मंडी हाउसला मेट्रो बदलून फरीदाबादला गेलो. तात्यारावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं होतं. गॅलरीत उन्हाला पाय लांब करून बसले होते. “काय बीकॉम, वाट चुकलास?” म्हणाले. अश्लेषाने दारातच मला हळूच सांगितलं होतं की बाबा रोज तिच्या जुन्या टॅबवर बुद्धिबळ खेळतात आणि हरले की टॅब पालथा घालून ठेवतात. टॅब आत्ताही पालथाच होता.

मी पाकीट आणि वही त्यांच्यासमोर ठेवली. वहीला त्यांनी हात लावला नाही. पाकीट उचललं, घडी पाहिली, तिरका कोपरा अंगठ्याने दाबून सरळ करायचा प्रयत्न केला.

“माझी घडी,” म्हणाले. “इतक्या वर्षांत कोपरा काही जमला नाही त्याला.”

वर लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचलं. मग टॅबकडे बोट दाखवून म्हणाले, “याला मी रोज हरतो. हरण्याचं काही नाही रे, बळवंतलाही हरायचो. पण हरल्यावर ‘हे का केलंस’ म्हणून विचारलं की तो तासभर बोलायचा. याला कोण विचारणार? यालाच माहीत नसतं. राजाची चाल बरोबर आहे हे मला पंचवीस वर्षं माहीत होतं. मशीनने सांगायची गरज नव्हती. मला ‘का’ हवं होतं.”

मी सांगितलं की त्या ‘का’साठी बळवंतराव त्र्याहत्तर डाव खेळले, मशीनने सांगितलं नाही, त्यांनी स्वतः काढलं, आणि ते मलाही सांगत नाहीत.

“त्र्याहत्तर,” तात्याराव म्हणाले. “एकटा बसून?”

“एकटे बसून.”

पाकीट त्यांनी उन्हात धरलं, पण उन्हातून काही दिसत नव्हतं. फोडा म्हणावं असं मला एकदा वाटलं. ते फोडणार नाहीत हेही माहीत होतं. नियम तसा होता, आणि बळवंतरावांनी पाकीट का पाठवलं, पत्र का नाही, हे मला त्या क्षणी नीट कळलं. तात्यारावांना माझ्या आधी कळलं असावं.

“अश्लेषा, घरात हिरवं पेन आहे का गं?”

अश्लेषाने मुलीच्या कंपासपेटीतून एक चकचकीत जेल पेन आणून दिलं. तात्यारावांनी पाकीट वहीवर ठेवलं आणि ‘पुढे चालू’च्या कोऱ्या जागेत, त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: ‘प्लीज स्पीक.’ खाली सही, तारीख. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पाकीट माझ्याकडे दिलं. “खाली पाठव,” म्हणाले.

द्वारकेला परतल्यावर मी पाकीट बळवंतरावांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग आत स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, “अगं, साहेबांनी बोलावलंय.” आवाज असा, की चाळीस वर्षांपूर्वीचा सहायक बोलतोय.

त्या रविवारी ते पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. फरीदाबादच्या दारात पोचलो तेव्हा घंटा मलाच वाजवायला लावली. तात्याराव काठी टेकत स्वतः दारापर्यंत आले होते.

“ये बळवंत,” म्हणाले. “उशीर केलास.”

पट मांडून तयार होता, पान एकशे बाराची स्थिती, राजा कोपऱ्यात. दोघं बसले. मी मधल्या खुर्चीत बसलो आणि पाकीट फोडायला हात घातला, तर तात्यारावांनी त्यावर तळहात ठेवला.

“थांब बीकॉम. मला आधी शोधू दे.”

बळवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. जे सांगायला ते इतके दिवस तळमळत होते, ते सांगायचा दिवस आला आणि आता गप्प बसायचं होतं. त्यांनी हाताची घडी घातली आणि गप्प बसले. इतकं समाधानी गप्प बसलेलं मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून आमचा रविवार फरीदाबादला असतो. तात्याराव चाल करतात, कारण सांगतात, बळवंतराव मान हलवतात, आणि मग ते कारण का चूक आहे यावर दोघं तासभर बोलतात. टॅब आत कपाटात असतो. वही मध्ये असते, आणि हिरव्या शेऱ्यांखाली आता तात्यारावांची निळी उत्तरं दिसतात. एकेचाळीसपैकी नऊ शेऱ्यांवर त्यांनी ‘कारण?’ एवढंच लिहिलं आहे. ती बळवंतरावांच्या डोक्याला पुढची कामं.

पाकीट नेहमीसारखं माझ्या ऑफिसच्या खणात आहे. नोव्हेंबरअखेर मी निवृत्त होतो. खण रिकामा करून द्यायचा आहे आणि मी साताऱ्याला परत जाणार हे ठरलं आहे. पाकीट कोणाकडे सोपवू, म्हणून मी बळवंतरावांना विचारलं. ते म्हणाले, पंच बदलत नाहीत, तुम्ही साताऱ्याला घेऊन जा, सापडलं की फोन करू. म्हणजे ते फुटेल तेव्हा मी तिथे असायलाच हवा, आणि मला पंधराशे किलोमीटर यावं लागेल. हे मी बोलून दाखवलं. तात्याराव म्हणाले, त्यात काय, तोवर काही आम्हाला घाई नाही.

गेल्या रविवारी तात्याराव एकेक चाल मांडत सतराव्यापर्यंत आले होते. अठरावी करायला त्यांनी हत्ती उचलला आणि एका घरावर धरला. बळवंतराव एकदम खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी होती. तात्यारावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा हत्तीकडे. मग हत्ती जिथून उचलला होता तिथे परत ठेवला.

“नाही, हे नसणार,” म्हणाले. “अश्लेषा, चहा टाक गं. पुढच्या रविवारी बघू.”